टँकर, विमान आणि अव्वांचं जहाज

“ताई, विमान रद्द झालंय. बोर्डावर लाल अक्षरात दाखवून राहिलेत.”

अप्पांचा फोन हैदराबादच्या विमानतळावरून होता. मी लातुरात ऑफिसचं शटर नुकतंच वर केलं होतं. अप्पा आणि त्यांच्या पत्नी अव्वा त्या दिवशी चेन्नईमार्गे सिंगापूरला पोचणार होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथून त्यांचं जहाज सुटणार होतं. मी त्यांना म्हटलं, काउंटर सोडू नका, दिलेल्या बॅगा परत ताब्यात घ्या, मी बघते.

ट्रॅव्हल एजन्सीत माझी सगळी उमर गेली. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी आणि माझ्या मिस्टरांनी मेन रोडला एका गाळ्यात धंदा सुरू केला. नवी कचेरी, नवे साहेब, त्यांच्या बदल्या. त्यांची रेल्वेची, लक्झरी बसची तिकिटं आम्ही काढून द्यायचो. विमानाचं तिकीट कधीमधी एखादं. ते हातानं लिहायचं, खाली लाल कार्बन. बोटं दिवसभर लाल राहायची. मुंबईला ट्रंक कॉल लावून सीट पक्की होईस्तोवर अर्धा दिवस जायचा आणि तेवढ्यात समोर बसलेलं गिऱ्हाईक चहा पीत घरचं सगळं सांगून मोकळं व्हायचं. मिस्टर गेल्यावर ऑफिस मी एकटीनं चालवलं. कॉम्प्युटर आले, ट्रंक कॉल गेले, पण जुनी माणसं येऊन बसायची ती बसायचीच.

अप्पा त्यातले एक. मोंढ्यात त्यांचं आडतीचं दुकान, मूळ गाव उदगीरकडं. त्यांच्यात आईला अव्वा म्हणतात. मुलगा मल्लिकार्जुन म्हणायचा, म्हणून आम्हीही त्यांच्या पत्नीला अव्वाच म्हणायचो. मल्लू एका क्रूझ जहाजावर इंजिनियर होता. क्रूझ म्हणजे प्रवाशांना समुद्रात फिरवून आणणारं, हॉटेलासारखं जहाज. दीड-दोन वर्षं पोरगं घरी आलेलं नव्हतं. त्याचं जहाज सिंगापूरहून शेवटची फेरी करून युरोपकडं जाणार होतं. त्या फेरीवर आईबापांनी यावं असा त्याचा हट्ट होता. ही फेरी चुकली की गाठ थेट पुढच्या वर्षी.

तो उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. शहराला रेल्वेनं पाणी येत होतं. नळ कधीच बंद पडलेले. गल्लीत टँकर यायचा आणि ज्याचा नंबर हुकला त्याचा हुकला. म्हणून बुकिंगलाच आमची तकरार झाली. माझ्या धंद्यातला पहिला नियम असा, की जहाज ज्या दिवशी सुटतं त्या दिवशी विमानातून उतरायचं नाही. आदल्या दिवशी पोचायचं. विमान उशिरा आलं तर कंपनी दुसरं देते. जहाज बंदर सोडून गेलं तर मागून पोहत जाता येत नाही. अप्पांना हे पटत नव्हतं. टँकरचा नंबर नेमका त्यांच्या विमानाच्या दिवशी होता. टँकर भरून घेऊ, मग गाडीनं हैदराबाद, रात्रीचं विमान, आणि सकाळी उतरून सरळ जहाजावर, असा त्यांचा हिशेब. शेवटी मी म्हटलं, तुमच्या टाक्या मी भरते. अप्पांनी घराची किल्ली टेबलावर ठेवली, तेव्हा कुठं मी तिकीट काढलं.

आता तो राखून ठेवलेला दिवस विमान रद्द होऊन वाया चालला होता.

विमान कंपनीनं त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान देऊ केलं. ते पोचेपर्यंत जहाज गेलेलं असणार. पण दोन्ही विमानं मी एकाच तिकिटावर घेतली होती. त्याचा फायदा असा, की मधलं एक विमान रद्द झालं तरी प्रवाशाला शेवटच्या गावापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनीवर राहते. वेगवेगळी तिकिटं घेतली असती तर दुसरं विमान ‘प्रवासी आलाच नाही’ म्हणून बुडालं असतं. मी कंपनीच्या मुंबई ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाईंना एवढंच सांगत राहिले, की पुढं जहाज आहे. त्यांनी शोधशोध करून पहाटेचं, बंगळूरमार्गे जाणारं, दुसऱ्या कंपनीचं विमान दिलं. ते दुपारी सिंगापूरला उतरत होतं. जहाज सुटण्याच्या बरंच आधी त्याचं गेट बंद होतं. मधे थोडाच अवकाश होता.

मग क्रूझच्या ऑफिसला फोन. तिथल्या साहेबांनी सरळ सांगितलं, की जहाज कुणासाठी थांबणार नाही. उशिरा येणारे म्हणून नावं बंदरावर कळवून ठेवतो, गेट बंद व्हायच्या आत आले तर चढवून घेतील. मला तेवढं पुरे होतं.

अप्पांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “ताई, ऐका. आता परतच येतो आम्ही. एवढी धावपळ हिला व्हायची न्हाई. टँकर तरी गाठू.”

गुडघ्यांनी अधू झालेली बाई, परका मुलुख, भाषा येत नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. तेवढ्यात फोन अव्वांनी घेतला. एवढ्या वर्षांत त्या माझ्याशी फोनवर कधी बोलल्या नव्हत्या. माझ्या ऑफिसात आल्या तरी कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर सावरून बसायच्या, बोलायचं काम अप्पांचं.

“ताई, मी माघारी येत न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फक्त कुठं हुबं ऱ्हायचं तेवढं सांगा.”

मग मी सांगत गेले आणि त्या हाव, हाव म्हणत गेल्या. मोठी बॅग विमानात द्यायची नाही, कारण ती पट्ट्यावर येईस्तोवर वेळ जातो. त्यांना सोडायला आलेला गाडीवाला अजून तिथंच होता, त्याच्याबरोबर ती लातूरला परत पाठवायची. हातात मावेल तेवढंच घ्यायचं. अप्पांचं घड्याळ विमानात बसतानाच सिंगापूरच्या वेळेवर, अडीच तास पुढं करायचं. उतरल्यावर टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं आणि ड्रायव्हरला ‘क्रूझ सेंटर’ हे दोनच शब्द सांगायचे. अव्वांनी ते माझ्या मागोमाग घोकले. बॅगेतून त्यांनी दोन लुगडी, औषधं आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढून घेतली. गळ्यात इष्टलिंग होतंच.

टँकर त्या दिवशी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आला. म्हणजे अप्पांच्या हिशेबानं गेले असते तरी टँकर चुकलाच असता! मी किल्ली घेऊन त्यांच्या घरी धावले. उन्हानं अंगण तापलेलं, बायकांची घागरी-बादल्यांची रांग, आणि मी पाइप धरून अप्पांच्या टाकीवर उभी. मोबाइल पदराला बांधला होता. सिंगापुरात आता काय वाजले असतील ते मनातल्या मनात मोजत होते. विमान उतरल्याचं कॉम्प्युटरवर बघून निघाले होते. पुढचं काहीच माहीत नव्हतं.

दुसरी टाकी भरत आली आणि फोन वाजला. एका हातात पाइप, दुसऱ्या हातानं पदराची गाठ सुटेना.

“ताई, चढलो,” अप्पा म्हणाले. मागं बोलण्याचा गलका होता. गेटवरच्या माणसानं कागदावर त्यांची नावं बघितली आणि आत घेतलं, म्हणाले. त्यांच्या मागून आलेल्या एका कुटुंबाला मात्र थांबवलंय. मग ते म्हणाले, “मल्लू दारात हुबा हाय. हिला सोडीना.”

टाकी भरून पाणी अंगणात वाहायला लागलं होतं. शेजारच्या बाईनं माझ्या हातातला पाइप ओढून घेतला आणि मला चांगलं खडसावलं. त्या उन्हाळ्यात पाणी सांडणं हा गुन्हाच होता. मला तिचा राग आला नाही. मी पायरीवर बसून डोळे पुसत होते.

परत आल्यावर दोघं ऑफिसात आले. या खेपेला बोलल्या त्या अव्वा. जहाजातल्या खोलीत त्यांनी पहिल्या दिवशी तोंड धुतलेलं पाणी बर्फाच्या भांड्यात साठवून ठेवलं होतं, फरशी पुसायला. मल्लू परवानगी काढून भेटायला आला, त्यानं ते बघितलं. तो म्हणाला, “अव्वा, सोड की नळ. हे पाणी मीच करतो.” समुद्राचं पाणी तापवून, वाफ धरून गोडं पाणी करायच्या यंत्रावर त्याची ड्यूटी होती. इतकी वर्षं आईला ‘इंजिनाचं काम’ एवढंच ठाऊक होतं. अव्वांनी नळ सोडला, हात खाली धरला, थोडा वेळ बघितलं आणि बंद केला. मल्लू हसला. त्या मात्र मला म्हणाल्या, “पाणी करतंय माझं लेकरू, अन् आमी इथं टँकरची वाट बघतो.” ते त्या दुःखानं म्हणाल्या की अभिमानानं, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

परतीचं विमान मी संध्याकाळचं घेतलं होतं. जहाज सकाळी बंदराला लागतं, पण प्रवासी रंगीत चिठ्ठ्यांप्रमाणे गटागटानं उतरवतात. त्यात अर्धा दिवस सहज जातो. दुपारचं विमान घेणारे विमानतळावर धावत सुटलेले मी पुष्कळ पाहिलेत. त्या दिवशी अप्पा-अव्वांचा गट लवकर उतरला. मल्लूलाही दोन-तीन तासांची सुट्टी मिळाली. बंदराजवळ एका तमिळ खानावळीत तिघं जेवायला बसले. अव्वांनी पिशवीतून चटणीची पुडी काढून त्याच्या भातावर घातली. त्यानं भात तीनदा घेतला.

मी अप्पांना विचारलं, संध्याकाळपर्यंत रिकामं बसून तुम्हाला कंटाळा आला असेल ना? खरं तर संध्याकाळचं विमान निवडल्याची शाबासकी मिळावी म्हणूनच विचारलं होतं.

अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ताई, संध्याकाळचं विमान बी जरा लवकरच होतं.”

त्यानंतर मी दुकान चालवलं तोवर, बंदरावर ज्याचं कुणी निरोप द्यायला असेल त्याला उतरायच्या दिवशीचं विमान कधी दिलं नाही.