मागे रांग लागू न देणारा हॉलिस

हॉलिस ब्रँड्टने अडतीस वर्षं ओंडक्यांचा ट्रक चालवला आणि मागे कधी गाड्यांची रांग लागू दिली नाही, हा त्याचा तोरा. मागे दोन गाड्या दिसल्या की हा रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत शिरून त्यांना वाट देणार. त्या आभाराचा हॉर्न वाजवणार, हाही एकदा वाजवणार. बाकी गुण म्हणाल तर फार नव्हते. हट्टी माणूस, आणि बायको गाडी चालवायला बसली की शेजारी बसून तिचा जीव नकोसा करायचा. शेवटी वैतागून बर्निसने स्टिअरिंगला हात लावणंच सोडलं, त्यालाही वीस वर्षं झाली.

आता तो एक्याऐंशीचा. डोळ्यांपुढे अंधुक होतं, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून करायचं काय? लायसन्स गेलं की क्रेसेंट सिटीबाहेरचं घरही गेलं. दुकान अकरा मैलांवर, शेजार नाही. लेक दोघांना आपल्याकडे सॅक्रामेंटो शहरात घेऊन जायला टपलेलीच होती. आणि मंगळवारी लायसन्ससाठी डोळ्यांची तपासणी.

आदल्या रविवारी लग्नाचा वाढदिवस होता. दर वर्षीप्रमाणे दोघं रेडवूडच्या जंगलात जेवायला निघाली. सॅल्मनचं सँडविच, थर्मासात कॉफी. उजव्या हाताला खाली समुद्र आणि वर थोडं धुकं.

"जरा सावकाश घे," बर्निस म्हणाली.

"रस्ता तोंडपाठ आहे मला. डोळे मिटून नेईन."

नेत होता तसाच, पण तिला कुठे ठाऊक.

चढावर मागे गाड्या जमल्या. त्यांचे दिवे तेवढे त्याला आरशात दिसले. सवयीने त्याने वळण संपताच गाडी उजवीकडे घातली. तिथे वाट द्यायची जागा होती, अडतीस वर्षं होती. गेल्या हिवाळ्यातल्या पावसात दरड कोसळून ती समुद्रात गेली होती.

"हॉलिस, थांब!"

थांबला. कडेला लावलेले धोक्याचे दोन भगवे शंकू चाकाखाली गेले होते. पुढे हातभर माती, आणि मग काहीच नाही. मागच्या गाड्या एकेक करत निघून गेल्या, जाताना सगळ्यांनी आभाराचा हॉर्न वाजवला.

"शंकू दिसले नाहीत तुला?"

त्याने हँडब्रेक ओढला.

"कधीपासून?"

"नाताळपासून."

बर्निसला आधी राग आला, मग रडू, मग परत राग. त्याने गाडी मागे रस्त्याकडेला घेतली, उतरला आणि वळसा घालून तिच्या दाराशी उभा राहिला. ती सरकून स्टिअरिंगसमोर बसली.

"आणि वीस वर्षं नावं मला ठेवत होतास."

"वाईटच चालवतेस तू," तो म्हणाला आणि पट्टा लावून बसला.

तिने वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागे ही एवढी रांग लागली. त्याला ती दिसत नव्हती, पण कळत होती, आणि मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

"आता डावं वळण. मग ओढा. ओढ्यापलीकडे उजवीकडे जागा आहे."

"आहे का अजून?"

हॉलिसने डोळे बारीक करून पुढे पाहिलं.

"मी सांगतो," तो म्हणाला, "तू बघून घे."

जागा होती. तिने गाडी आत घेतली. गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या आणि तो ऐकून मोजत राहिला. नऊ.

"वाजव आता," तो म्हणाला, "एकदाच."