शोकेसमधलं ऑइल

आमच्या घरात शोकेसला देवघरापेक्षा जास्त मान होता. देवांना निदान रोज आंघोळ घातली जायची, पुसलं जायचं, इकडचं तिकडे व्हायचं. शोकेसमधल्या वस्तूला मात्र कुणी हात लावायचा नाही. माझा मोठा भाऊ आखातात नोकरीला होता. त्याने पाठवलेली प्रत्येक वस्तू आधी तिथे जायची आणि बहुतेक तिथेच म्हातारी व्हायची. अत्तराच्या बाटल्या न उघडताच अर्ध्या झाल्या. सुऱ्यांचा सेट पेटीत झोपून राहिला आणि आई जन्मभर त्याच बोथट विळीवर भाजी चिरत बसली. पाहुणे आले की बाबा शोकेसचा दिवा लावायचे.

त्यामुळे दादाने गाडीसाठी इंजिन ऑइलचा जो कॅन पाठवला, तो कुठे जाऊन बसला असेल हे वेगळं सांगायला नको.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. आम्ही विरारला मनवेलपाड्यात राहत होतो. बाबा मुंबईच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. ऑफिसातल्या साहेबाची जुनी गाडी त्यांनी निघताना हौसेने घेतली होती. तिचा किलोमीटरचा आकडा एकदा संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाला होता. ती सुरू केली की मागून निळसर धूर यायचा आणि सोसायटीतल्या बायका वाळत घातलेले कपडे ओढून घ्यायच्या. मोतीबिंदूनंतर बाबांनी चालवणं सोडलं आणि गाडी माझ्याकडे आली. माझी शाळेतली नोकरी आठवड्यातून तीनच दिवस होती. लग्न झालं नव्हतं, म्हणजे मला वेळ होता, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं.

आणि गाडीची गरज होतीच. आईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिससाठी तिला दर आठवड्याला दोनदा बोरिवलीला न्यावं लागायचं, कारण आमच्याकडच्या केंद्रात तिला जागाच मिळत नव्हती. चुकलेली वेळ पुन्हा मिळायची नाही. तिच्या मागे दुसरा पेशंट उभाच असायचा. एक वेळ चुकली की तिचे पाय सुजायचे, दम लागायचा, रात्रभर उशीला टेकून बसून राहायची. गाडी चालली तर आई चालेल, इतका सरळ हिशेब होता. तो मला कळत होता, आईला कळत होता. बाबांना कळत नव्हता असं मी म्हणत नाही. त्यांना त्याच्याहून मोठं काहीतरी कळत होतं.

ऑइल कुठलं घालायचं यावर आधी बरीच चर्चा झाली. गाडी ऑइल पीत होती. सोसायटीतल्या प्रत्येकाला, गाडी नसलेल्यालाही, मत होतं. कोण म्हणे जुन्या इंजिनाला जाडच हवं, पातळ घातलंत तर सगळीकडून गळेल. कोण म्हणे मिलिटरीत अमुक वापरतात. गॅरेजवाल्याला त्याच्याकडचं खपवायचं होतं. शेवटी एका शुक्रवारी दादाचा फोन आला आणि त्याने निकाल दिला. "बाबा, इथे खास जास्त पळालेल्या गाड्यांसाठी सिंथेटिक ऑइल मिळतं. एकदम प्रीमियम. येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. जुनं सगळं काढून टाका आणि हेच भरा. तिथलं त्यात मिक्स करू नका."

चांगला सल्ला होता. मी आजही म्हणते, चांगला होता. गणपतीत कॅन आला. सोनेरी रंगाचा, मुठीला धरायला खाच असलेला. बाबांनी भिंग घेऊन त्याच्यावरचं इंग्रजी मोठ्याने वाचलं. आईने तो मांडीवर घेऊन बघितला. मग तो शोकेसमध्ये, अत्तराच्या शेजारी.

"उद्या गॅरेजला नेते," मी म्हटलं.

"उद्या कशाला? दसऱ्याला तो येतोय. गाडीची पूजा करू आणि त्याच्याच हाताने ओतू. त्याला किती बरं वाटेल."

"बाबा, गाडीला आज पाहिजे."

"एवढे दिवस चालली ना? मग आणखी थोडे दिवस काय होतंय?"

दसऱ्याला दादाला सुट्टी मिळाली नाही. मग दिवाळी ठरली. दिवाळीला तिकीट मिळालं नाही. मग बाबा म्हणाले, आता मे महिन्यातच येईल, पण नक्की येईल. दर शुक्रवारी फोनवर ते त्याला सांगायचे, "तुझं ऑइल जपून ठेवलंय बरं का!" आणि तिकडून तो हसायचा. आपण पाठवलेलं ऑइल गाडीच्या पोटात नाही, काचेच्या कपाटात आहे, हे त्याला समजत होतं की नाही देव जाणे. मला फोन मिळायचा तेव्हा त्याचे पैसे संपत आलेले असायचे.

मी इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी काढून बघायची. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, डांबरासारखं काळं. मी गॅरेजमधून साधं ऑइल आणून गुपचूप वरून भरायला लागले. एक दिवस बाबांना डिकीत रिकामी बाटली सापडली. कुणी दुधात रॉकेल ओतलेलं बघावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"त्याने मिक्स करू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"कशात मिक्स? त्याचं तर अजून उघडलंही नाही!"

"घरात एवढं भारी ऑइल असताना बाजारातलं ओततेस? लोक काय म्हणतील, मुलाने पाठवलेलं आवडलं नाही?"

"मग घरातलं ओता!"

त्या दिवसापासून गाडीची किल्ली त्यांच्या खिशात गेली. निघायच्या वेळी आमच्याबरोबर खाली यायचे, आईला बसवायचे, किल्ली माझ्या हातात द्यायचे. परत आल्यावर खाली उभेच. घरी बॉनेट उघडायची सोय राहिली नाही आणि बोरिवलीला आईजवळून हलता यायचं नाही. या वयाच्या बाईला बापाने असं वागवावं! आणि मी वागवून घेतलं, कारण भांडण झालं की आईचा दम वाढायचा.

आई कुणाच्या बाजूची होती? मला वाटायचं, माझ्या. पण डायलिसिसच्या खोलीत शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सांगायची, "आमच्या गाडीसाठी मुलाने तिकडून ऑइल पाठवलंय." मी तिच्या चपला खाटेखाली सरकवत असायची. आणि ही कोण, असं त्या बाईने विचारलं की आई म्हणायची, "मुलगी. घरीच असते."

जानेवारीत एका सकाळी, हायवेवर चिंचोटीच्या पुढे, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. मी गाडी बाजूला घेईपर्यंत आत कुणीतरी हातोडा मारत असल्यासारखा आवाज झाला आणि मग काहीच आवाज नाही. चावी फिरवली तर इंजिन हलेना. जळका वास सुटला. आईने पदर नाकाला लावला आणि घड्याळाकडे बघितलं.

रिक्षा थांबेनात. एक मासळीचा टेम्पो थांबला. पाचूबंदरहून मुंबईला माल घेऊन चाललेला माणूस होता. "काय झाला गो बाय?" मी सांगितलं. "आयला पुढं बसव, मी सोरतो. पानी पिवाचा हाय का तिला?"

आईने नको म्हणून मान हलवली. तिला दिवसभरासाठी पाणी मोजून होतं आणि ते तिने दुपारसाठी राखून ठेवलं होतं. गाडी तिथेच कुलूप लावून सोडली आणि आम्ही दोघी ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसलो. बर्फाचं पाणी मागे गळत होतं. खाडीचा पूल लागला तसं आई एकदम म्हणाली, "चुकलं माझं. मी यांना सांगायला पाहिजे होतं, ते ऑइल ओता म्हणून. आज सांगते. आज घरी गेले की सांगते." तिने माझं मनगट पकडलं होतं. इतके महिने मी एवढ्याच वाक्यासाठी थांबले होते, असं मला त्या मासळीच्या वासात बसून वाटलं. मी रडले. टेम्पोवाल्याने खिडकीबाहेर बघितलं.

त्या दिवशी वेळ गाठली. अर्धी तरी. संध्याकाळी घरी आलो. बाबा दारातच होते. "गाडी कशी चालवलीस तू?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी आईकडे बघितलं. आईने चपला काढल्या, शोकेसकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "जुनी झाली होती हो. तिचा काय दोष, आणि हिचा तरी काय?" आणि आत जाऊन पडली.

झालं. एवढंच बोलली. तिचा राग मला बाबांच्यापेक्षा जास्त आला आणि अजून पुरता गेलेला नाही.

गॅरेजवाला म्हणाला, ऑइलच नव्हतं, कोरडं इंजिन जॅम झालं, पूर्ण खोलावं लागेल. बाबा म्हणाले, तो आला की बघू. गाडी सोसायटीच्या भिंतीला लावून ठेवली. त्यानंतर आम्ही रिक्षा बदलत, बस बदलत, कधी कुणाची गाडी मागत बोरिवली गाठायचो. कधी गाठायचो नाही. चुकलेल्या वेळा वाढत गेल्या आणि आईच्या पायांची सूज उतरायची राहिली. एप्रिलमध्ये ती गेली. डॉक्टर म्हणाले, तसंही फार दिवस नव्हते. असतील, नसतील. पण चुकलेल्या वेळा चुकलेल्याच होत्या.

दादाला आता सुट्टीही मिळाली आणि तिकीटही. सुतकाचे दिवस संपल्यावर, निघायच्या आदल्या संध्याकाळी, त्याचं लक्ष शोकेसकडे गेलं.

"बाबा, हे अजून तसंच?"

"तुझी वाट बघत होतो रे. तुझ्याच हाताने ओतायचं होतं."

दादाने बाबांना मिठी मारली. दोघं रडले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मग दादा डोळे पुसून म्हणाला, आपली गाडी तर भंगारातच जाणार, हे फुकट कशाला घालवायचं, खालच्या काकांना देऊन टाकू. तळमजल्यावरच्या काकांची गाडीही पुष्कळ पळालेली होती. त्यांनी त्याच संध्याकाळी माणूस बोलावून जुनं ऑइल काढलं आणि नवं ओतून घेतलं. ना नारळ, ना हार. साधा मंगळवार होता. एवढंच तर काम होतं ते.

दुसऱ्या दिवशी दादा विमानतळाकडे निघून गेल्यावर खालून काकांनी हाक मारली. "साहेब, मुलाने काय ऑइल पाठवलंय! इंजिनचा आवाजच येत नाही हो!"

बाबा गॅलरीत उभे होते. आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "त्याची निवडच तशी असते," ते खाली वाकून म्हणाले.

मी मागून म्हटलं, "बाबा, ते ऑइल आईचं होतं."

ते वळले. चिडले नाहीत. खरोखर न कळून माझ्याकडे बघत राहिले.

"आईचं?" ते म्हणाले. "तिला काय करायचं होतं ऑइल?"

खाली काकांची गाडी, जराही आवाज न करता, फाटकाबाहेर गेली.