मोतीचा शेकहँड

शेजारच्या काकूंचा मोती चांगला धडधाकट कुत्रा आहे, तरी दरवर्षी दवाखान्यात रक्त द्यायला जातो. कुत्र्यांना कॅन्सर कशामुळे होतो हे शोधायला तिथले डॉक्टर अशा कुत्र्यांवर जन्मभर लक्ष ठेवतात. परवा मीही सोबत गेले. डॉक्टरबाईंनी पाय धरायला हात पुढे केला, तर मोतीला वाटलं, शेकहँड! त्याने ऐटीत पंजा दिला. बाईंनीही तो रीतसर हलवला, मगच सुई टोचली.

"याचा मोतीला काय फायदा?" मी विचारलं.

"काहीच नाही. उत्तर मिळेल तेव्हा हा नसेल," त्या हळूच म्हणाल्या.

देवाला नारळ वाहतानाही आपण काहीतरी मागून घेतो. इथे सुई निघाली आणि मोतीने दुसरा पंजा पुढे केला.