बाहेरची

हैदराबादला निघाले त्या सकाळी मी घरात बाहेरची होते. पाळीच्या चार दिवसांना आमच्या नांदेडच्या घरात हाच शब्द होता. यादीतल्या सगळ्या वस्तूंवर खुणा झाल्या होत्या: होल्डॉल, स्टोव्ह, गुणपत्रकं, दोन पांढरे कोट. 'देवाला नमस्कार' तेवढं राहिलं. आईनं दूर उभं राहून माझ्या तळहातावर वरून दही टाकलं. म्हणाली, "अशात निघालीस म्हणून कुणाला सांगू नकोस तिथं."

आता सगळ्यांनाच सांगते आहे.

चिक्कडपल्लीत खोली मिळाली आणि प्रयोगशाळेत उंदरी. मेंदू पिट्यूटरी ग्रंथीला निरोप देतो, ती बीजांडकोशाला. हार्मोन्सचे हे निरोप कधी सुटतात ते शोधणं माझं काम. रोज सकाळी आठला प्रत्येकीच्या योनिस्रावाचा नमुना काचपट्टीवर घ्यायचा, ती ऋतुचक्राच्या कुठल्या टप्प्यात आहे ते नोंदवायचं. पिंजरे सांभाळणारे यूसुफभाई म्हणायचे, "हौ मॅडम, तुमारे चूहे टैम के पक्के. रेल का भरोसा नक्को!" देशाचा बाजार तेव्हा नुकता उघडत होता. महिनोन् महिने अडकणारी, हार्मोन्स मोजायची परदेशी किट लवकर यायला लागली आणि बरोबरीचे एकेक करून परदेशी जायला. मी राहिले. माझं काम इथं होतं.

उंदरीचं आख्खं चक्र चार दिवसांचं. तेवढ्यात तिचं शरीर केवढं काम उरकतं! मी मात्र सुट्टीत घरी गेले की चार दिवस ओसरीवर, वेगळं ताट घेऊन. एका दिवाळीत कच्च्या नोंदी पक्क्या वहीत उतरवायला घरी नेल्या होत्या. पाळीत मी त्यांना शिवले होते, म्हणून आत घेताना आईनं त्यांवर गोमूत्र शिंपडलं. शाई फुटली. तीन आठवड्यांचं काम गेलं.

परत येऊन मी एका ओळीचं पत्र टाकलं: चार दिवस मला घरात जागा नसेल, तर उरलेले दिवसही मी येणार नाही.

दोन दिवाळ्या गेले नाही. दोन्ही वेळा खूप रडले आणि सकाळी आठला कामावर होते.

तिसऱ्या दिवाळीआधी आई स्वतः आली. सिकंदराबादच्या फलाटावर मी तिला आधीच सांगून टाकलं, "आई, आज माझा दुसरा दिवस आहे. स्वयंपाक मीच करणार आहे."

"हळू बोल की गं!" तिनं आजूबाजूला पाहिलं. मग हातातला डबा पुढे केला. "धर. लाडू आहेत. केव्हाचं ओझं धरलंय मी."

माझी बोटं तिच्या बोटांना लागली. तिनं हात मागे घेतला नाही.

नांदेडला राहिलेले आणि माझ्यासारखे निघालेले, दोघंही विचारतात, घर कुठलं मानतेस? हैदराबादचं माझं आहेच. नांदेडचंही आहे, कारण तिथं मी आता आत जाते. पाळीची तारीख बघून नाही. रजा मिळेल तेव्हा.