एक जूनची पिढी

सिनेमातल्या नटनट्यांच्या संसाराची काळजी माझ्या मामेसासऱ्यांइतकी या भूतलावर कुणी वाहिली नसेल. त्या नटनट्यांनी तर नाहीच नाही. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरच्या शाळांत तीस-बत्तीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालेले. धोतर, काळी टोपी आणि काखेत पंचांग. जन्मात त्यांनी एकच सिनेमा पाहिला होता, तोही देवादिकांचा, आणि त्यातूनसुद्धा मध्यंतरात उठून आले होते. पण कुठल्या नटीचा शुक्र बिघडलाय, कुठल्या नटाच्या सप्तमात मंगळ ठाण मांडून बसलाय, हे सगळं तोंडपाठ. दर आठवड्याला एस.टी.नं महाडला यायचे, बाजारपेठेतल्या केशकर्तनालयात बसून सिनेमाची साप्ताहिकं चाळायचे आणि त्यांतल्या जन्मतारखा वहीत उतरवून घ्यायचे. दाढी हे आपलं निमित्त. मी तेव्हा महाडच्या कोर्टात कारकून होतो. एकदा भर दुपारी मामा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून कचेरीत धावत आले. वाटलं, घरी कुणाचं तरी बरंवाईट झालं.

"जावईबापू, मोडलं!"

"काय मोडलं मामा?"

"त्याचं लग्न हो! मी दिवाळीतच म्हटलं नव्हतं?"

मुंबईतल्या कुणा नटाचा घटस्फोट झाला होता. त्या नटाला माझे मामेसासरे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण दोन पक्षकार, एक वकील आणि आमचा शिपाई यांना गालावरचा साबण वाळेपर्यंत राहूची महादशा ऐकावी लागली. पक्षकारांचा दावा बांधाचा होता. त्यातला एक जण जाताना मला हळूच म्हणाला, "तुमचे सासरे लई शिकलेले दिसतात."

जगात जे काही नवं दिसे त्याचा मामांना जबर धक्का बसे, आणि धक्का ओसरला की ते त्याचा ग्रह शोधून काढत. माझी बेलबॉटम पँट पाहून ते आधी ओसरीवर मटकन बसले, मग वितीनं तिचा घेर मोजला आणि म्हणाले, "शनी कर्केत आहे तोवर घाला. सिंहेत गेला की घेर आपोआप आटेल." आमच्या घरी गॅसची शेगडी आली तेव्हा त्यांनी गॅसवाल्याची रास विचारली. शेजारची मुलगी सायकलवरून शाळेत जाऊ लागली, त्यालाही बुध जबाबदार होता. आम्ही हसायचो. मीही हसायचो, पण त्यांच्यासमोर कधी नाही, कारण माणूस मनाचा निर्मळ होता. गावोगावची माणसं मुलांच्या लग्नाआधी त्यांच्याकडे येत, आणि त्यांनी कुणाकडून सुपारीसुद्धा घेतली नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे एक जून. तालुक्यातून येणारी बहुतेक माणसं पत्रिका नसल्यामुळे शाळेचा दाखला घेऊन येत. वेळ माहीत नसे, म्हणून मामा सूर्योदयाची कुंडली मांडत. मांडता मांडता त्यांच्या लक्षात आलं की निम्म्याहून अधिक दाखल्यांवर जन्मतारीख एकच, एक जून! ते हादरलेच. "जावईबापू, ही साधी गोष्ट नाही," ते मला आवाज खाली आणून म्हणाले. "वृषभेच्या सूर्यावर जन्मलेली अख्खी पिढी या डोंगरात उतरली आहे. बघा, हीच पोरं शेती सोडून मुंबईला गेली. हीच ट्रान्झिस्टर घेऊन येतात. हीच बापासमोर हिंदी बोलतात." आणि त्यातच कोकणातल्या कुठल्याशा खेड्यातून वर आलेल्या एका नटीची तारीख साप्ताहिकात छापून आली. तीही एक जून! त्या बाईनं दोन नवरे सोडले होते. मामांचा सिद्धान्त पुरा झाला. पुढे एक जूनचं स्थळ दिसलं की ते मान हलवून म्हणत, "दुसरीकडे बघा." आणि माणसं दुसरीकडे बघत.

मग हा ग्रह त्यांच्याच घरात आला. मामी लवकर गेल्या होत्या. मागे एकुलती एक मुलगी, शोभा. ती पोलादपूरहून रोज एस.टी.नं जाऊन महाडच्या शाळेत शिकवायची. तिथल्याच यशवंत नावाच्या मास्तराशी तिनं लग्न ठरवलं. मुलगा डोंगरावरच्या कुडपण गावचा, शेतकऱ्याचा, वेगळ्या जातीचा. मला वाटलं, आता घरावर वीज पडणार. पण मामांनी मला पुन्हा एकदा थक्क केलं. "जात मी बघत नाही," ते शांतपणे म्हणाले, "मी ग्रह बघतो. आणि हा तर माझाच विद्यार्थी, हुशार पोर!" दाखला मागवला. त्यावर एक जून. सालसुद्धा त्या नटीचंच.

"नाही," मामा म्हणाले.

"बाबा, त्या बाईनं नवरे सोडले म्हणून हा मला सोडेल?" शोभानं विचारलं.

"ग्रह तेच आहेत पोरी."

"मग मी लग्नच करणार नाही. दुसरं स्थळ दारात आणू नका."

ती तिच्या बापाचीच मुलगी होती. घरात माणसं दोन, आणि तीन महिने दोघांत बोलणं नाही. ती ताट वाढून ठेवायची, हे जेवायचे. पोरीची उमेदीची वर्षं हा माणूस एका परक्या नटीपायी वाया घालवणार, या विचारानं मला झोप लागेना. बायकोनं मला मध्यस्थीला पोलादपूरला पिटाळलं, आणि मी गेलो त्याच सकाळी यशवंताचा बाप डोंगर उतरून आला. हडकुळा म्हातारा. नाचणीची पिशवी ओसरीवर ठेवून हात जोडून उभा राहिला. मामांनी त्याला आदरानं बसवलं, वही उघडली आणि दोन कुंडल्या शेजारी शेजारी दाखवल्या. ही त्या नटीची, ही तुमच्या मुलाची. बघा, काही फरक आहे?

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं विचारलं, "गुरुजी, ह्ये कशावरनं काडलंत?"

"शाळेच्या दाखल्यावरून. एक जून."

"ती तारीक तर तुमीच लिवलीत की!"

"मी?"

"तर! मी पोराला शालंत घालाया आनला. तुमी इचारलंत, कवा झाला? मी म्हनलो, ठावं नाय. नाचनीची लावनी चालू व्हती. तुमी म्हनलात, ऱ्हाऊ दे, एक जून लिवतो, शालंच्या हिशोबाला बरा पडतो. समद्या पोरांचा त्योच लिवलात की."

मामांच्या हातातली वही मांडीवर पडली. मी इतका चकित झालो की मला हसूही येईना. शाळा जूनमध्ये उघडते, वय बरोबर बसतं, म्हणून ज्याची तारीख माहीत नाही त्याला एक जून, ही सगळ्याच मास्तरांची रीत. मामांनीही ती बत्तीस वर्षं पाळली होती आणि साफ विसरले होते. सरकारी कागदावर लिहिलेलं ते खरंच, अशी त्यांची श्रद्धा, मग ते स्वतः का लिहिलेलं असेना! तिकडे त्या नटीलाही अशाच कुणा गुरुजींनी शाळेत घातलं असणार.

मामांनी वही मिटून विचारलं, "मग खरी वेळ कुठली? सकाळ होती? संध्याकाळ?"

"पाऊस व्हता, गुरुजी. दुसरं काय आठवत नाय. माय नि पोर जगली, येवढंच बगितलं."

मामा माझ्याकडे वळले. "जावईबापू, मी किती जणांची लग्नं मोडली असतील हो?" या माणसाला आपण इतकी वर्षं हसत आलो, याची मला त्या क्षणी लाज वाटली.

मग ते उठून आत गेले आणि शोभाची पत्रिका घेऊन आले. ती पत्रिका तालुक्यात सगळ्यात अचूक असावी, कारण तिच्या जन्माच्या वेळी मामा घड्याळ हातात धरून दाराबाहेर उभे होते. ती घेऊन ते नदीवर गेले आणि सावित्रीच्या पाण्यात सोडून आले. "त्याला पत्रिका नाही," ते शोभाला म्हणाले, "मग तुझी तरी कशाला?" तीन महिन्यांनी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. ती पोर बापाच्या गळ्यात पडली.

लग्न पोलादपुरातच झालं. मुहूर्त कुणी काढला नाही, शाळेला सुट्टी होती तो दिवस धरला. संध्याकाळी वऱ्हाडाची जीप कुडपणच्या वाटेला लागली. मामा माझ्याशेजारी रस्त्यात उभे होते. इतकी वर्षं ते मला भविष्य सांगत आले होते. विचारलं त्या दिवशी पहिल्यांदाच.

"जावईबापू, सुखात राहील ना हो पोर?"

मला ना पंचांग कळत, ना ग्रह.

"राहील, मामा," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि माझा हात धरला. जीप वळणाआड गेली तरी माझा हात मात्र त्यांनी बराच वेळ सोडला नाही.