अक्षता हवेत थांबल्या तेव्हा

देवासला बाबांचा फोटो स्टुडिओ होता. दोन हजार पाचच्या आसपास मी हट्ट करून, भांडून, अबोला धरून त्यांना डिजिटल कॅमेरा घ्यायला लावला. बाबांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. धारला चुलतबहिणीचं लग्न निघालं तेव्हा ते म्हणाले, "अंतरपाट सरतानाचा फोटो काढून दाखव. नाही जमला, तर स्टुडिओत पुन्हा रोलच." आणि स्वतः गळ्यात जुना रोलवाला कॅमेरा अडकवून माझ्या मागे उभे राहिले. असा राग आला मला!

मला त्या फोटोत उडत्या अक्षता हव्या होत्या, जागच्या जागी थांबलेल्या. म्हणून शटर हजारावर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं, जितकं जलद तितकं बरं. वर बाबांचा जुना फ्लॅश. पहिलं मंगलाष्टक संपलं, "सावधान" झालं, कॅमेरा उभा धरून मी बटण दाबलं. स्क्रीनवर पाहते तो काय, नवरी झकास आणि नवऱ्याच्या जागी काळा पट्टा!

काकांनी, म्हणजे नवरीच्या वडिलांनी, वाकून पाहिलं. "अरे भिया, लडका किधर गया?" ते बाबांना म्हणाले. "हे मशीन खराब आहे. तूच काढ."

मशीन खराब नव्हतं. सकाळी उन्हात याच कॅमेऱ्याने वऱ्हाडाचे सुरेख फोटो काढले होते. मग फ्लॅश लागताच नवरा गेला कुठे? पुढचं मंगलाष्टक सुरू झालं, माझी नजर अंतरपाटावर गेली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या सेन्सरसमोरही पडदेच असतात, दोन. बाबांचा एक बिघडलेला रोलवाला कॅमेरा उघडून मी तसेच पडदे रोलसमोर पाहिले होते. पहिला सरतो, सेन्सर उघडा पडतो. दुसरा मागून येऊन झाकतो. फार घाई केली की पहिला पुरता सरण्याआधीच दुसरा निघतो आणि सेन्सरवरून नुसती एक फट सरकत जाते. उन्हात हे चालतं, कारण ऊन सतत असतं. फ्लॅश मात्र क्षणभर चमकतो. त्या क्षणी जो भाग पडद्याआड, तो काळा. सेन्सर बिचारा दिसेल तेवढंच टिपणार.

मी शटर सव्वाशेवर आणलं.

"अगं, इतकं हळू? अक्षतांच्या रेघा येतील," बाबा कुजबुजले.

"नाही येणार. हॉलमध्ये अंधारच आहे. फ्लॅश चमकेल तेवढाच क्षण टिपला जाईल, अक्षता थांबतील." बोलले खरी, पण शटरचा आकडा पुन्हा एकदा तपासला.

शेवटचं "सावधान" झालं. अंतरपाट सरला, बँड कडाडला, मी बटण दाबलं. स्क्रीनवर दोघंही समोरासमोर, लाजलेली, आणि मधे दाणा न् दाणा हवेत थांबलेला! मी त्या गर्दीत चक्क ओरडले. काका कॅमेरा घेऊन थेट व्याह्यांकडे गेले. "देखो साहब, हमारी बेटी ने लिया है!"

बाबांनी गळ्यातला कॅमेरा काढला, लेन्सला झाकण लावलं आणि तो माझ्या पिशवीत ठेवून दिला. मग म्हणाले, "सप्तपदी तू काढ. मी जेवून घेतो."