मंदाचा राहिलेला किल्ला

मंदाला जाऊन दीड महिना झाला. चहा ठेवता ठेवता खाली बसली, आणि ॲम्ब्युलन्स येईस्तोवर सगळं संपलं. मी सातवी शिकलेला माणूस. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही. माझ्यावाचून दुसऱ्या कोणाला लिहिताच येणार नाही...

माझी बायको कोकणातली. गावच्या किनाऱ्यावरून समुद्रातला किल्ला दिसायचा, पण पोरींना होडीत कोण बसवतंय! लग्न होऊन बडोद्याला प्रतापनगरच्या क्वार्टरात आली, किल्ला राहिला. पुढं अमेरिकेला मुलाकडे, सुधीरकडे गेलो. तिथं भर समुद्रात, वस्तीपासून लांब एका बेटावर जुना किल्ला आहे, सरकारनं उद्यान करून राखलेला. पाण्यावर उतरणारं विमान तिथं नेतं. सुधीरनं तिकिटं काढली. मंदा ठेवणीतली साडी नेसली, खाली सुनेचे बूट.

मी रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर हातोडीनं चाकं वाजवली. आवाजावरून तडा सांगायचो. धक्क्याला विमान लागलेलं, खाली होडीसारखे दोन लांब डबे. सवयीनं मी त्यातला एक बोटानं वाजवला. आवाज बद्द. मंदा आत बसली होती.

"खोट आहे. उतर."

"बाबा, ते पोकळच असतात. म्हणून तर तरंगतात," सुधीर म्हणाला.

"मला शिकवू नकोस. मंदा, उतर म्हणतो ना!"

ती उतरली. विमान बाकीच्यांना घेऊन गेलं. मी हट्टानं धक्क्यावरच बसून राहिलो, तीही शेजारी. देव क्षमा करो, पण माझं खरं ठरावं म्हणून काहीतरी व्हावं, असं मनात येऊन गेलं... दुपारी विमान धडधाकट परतलं. लोक हसत उतरले.

"आलं हो तुमचं खोटीचं विमान," मंदा म्हणाली. "चला, भूक लागलीय."

बडोद्याला आल्यावर मला धास्ती, ही आता सगळ्यांना सांगणार. तर ही शेजारच्या कोकिलाबेनना म्हणाली, "विमानात बिघाड होता. ह्यांनी नुसतं वाजवून ओळखलं, म्हणून वाचलो." मी हिंचक्यावर झोके घेत राहिलो. पुढं वर्षानुवर्षं तेच सांगत आली, मी ऐकत आलो. ती भाजी निवडत असायची, घरात दोघंच. 'माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. म्हणालोच नाही.

तिच्या बेसण्याला सगळे दुखवट्यासाठी जमले. कोकिलाबेन रडत म्हणाल्या, "काका, त्या वेळी तुम्ही काकीला वाचवलं..."

"विमान धड होतं," मी म्हटलं. "मी चुकलो. तिला किल्ला बघता आला असता."

कोकिलाबेननी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

"असं नका बोलू, काका. काकी कधी जूठं नाय बोलायच्या."